संगणक शाळेत आला; मुलांच्या बोटांखाली कधी येणार?

मुंबईहून सुटलेली कर्जत लोकल भिवपुरी रोड स्थानक मागे टाकते आणि सह्याद्रीची भिंत एकदम जवळ येते. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी खाली आणून त्यावर वीज निर्माण करण्याचा टाटांचा प्रकल्प याच पायथ्याशी उभा राहिला. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, तर भिवपुरीचे १९२२ मध्ये. येथे तयार झालेल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. मात्र आजूबाजूच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर दिवा लागायला पुढे कित्येक दशके जावी लागली. यंत्र दाराशी आले म्हणून त्याचा लाभही दाराशी येतोच असे नाही, हा धडा कर्जत-खालापूरच्या पट्ट्याला नवा नाही. शालेय संगणक शिक्षणाच्या बाबतीत तोच धडा आज पुन्हा गिरवला जात आहे.

एका वाडीतील प्रयोग

कर्जत परिसरातील खैराट-धनगरवाडा ही वस्ती २००७ मध्ये अचानक जगाच्या नकाशावर आली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबचे संस्थापक निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही कल्पना मांडली होती. शंभर डॉलरमध्ये लॅपटॉप तयार करायचा आणि तो शाळेच्या कपाटात न ठेवता मुलाच्या मालकीचा करायचा, असा हा विचार होता. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये या योजनेत सहभागी होण्यास नकार दिला. तरीही, दुसऱ्याच वर्षी खैराटच्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत देशातील पहिल्या प्रायोगिक प्रकल्पांपैकी एक सुरू झाला. पहिली ते चौथीची वीसेक मुले, एक वर्ग, एक गुरुजी आणि प्रत्येकाच्या हातात ‘एक्सओ’ नावाचा हिरवा-पांढरा लॅपटॉप!

हे यंत्र साधे असले तरी विचारपूर्वक घडवलेले होते. भर उन्हातही वाचता येईल असा पडदा, पाण्याचे शिंतोडे आणि धूळ आत जाऊ न देणारा कळफलक, देवनागरी अक्षरांची सोय आणि इंटरनेट नसतानाही जवळपासचे लॅपटॉप एकमेकांशी जोडणारी बिनतारी यंत्रणा, ही त्याची वैशिष्ट्ये. त्याची किंमत मात्र शंभर डॉलरवर थांबली नाही; उत्पादन सुरू झाले तेव्हा ती १८८ डॉलरच्या आसपास गेली होती. मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे संशोधकही या प्रकल्पाशी जोडले गेले. लहान वयातील मुले यंत्र हाताळण्यास घाबरत नाहीत, एकमेकांना शिकवतात आणि पाहता पाहता शिक्षकाच्याही पुढे जातात, असे निरीक्षण जगभरातील अशा प्रयोगांतून वारंवार नोंदवले गेले आहे.

मात्र, या प्रयोगाची एक मर्यादा त्याच्या रचनेतच होती. शाळा चौथीपर्यंतची. पाचवीत गेलेले मूल मोठ्या गावातील हायस्कुलात किंवा आश्रमशाळेत दाखल होते. तेथे संगणक असला तर तो स्वतःचा नसतो. कुलूपबंद कक्षात असतो आणि आठवड्यातून एका तासिकेपुरता भेटतो. ज्या वयात बोटांना लागलेली सवय विचाराशी जोडली जायला हवी, त्या पाचवी ते आठवीच्या वर्षांतच धागा तुटतो.

तासिकेचे गणित

सरकारने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. शाळांत संगणक नेण्याचा पहिला देशव्यापी प्रयत्न १९८४-८५ चा. ‘क्लास’ या नावाच्या त्या प्रकल्पात बीबीसी मायक्रो जातीचे संगणक निवडक शाळांना देण्यात आले होते. त्यानंतर डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची ‘आयसीटी अॅट स्कूल्स’ ही योजना माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांसाठी सुरू झाली. महाराष्ट्रात ती ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर खासगी कंपन्यांमार्फत राबवली गेली. २०१८ मध्ये समग्र शिक्षा अभियानात तिचा समावेश होऊन सहावी ते बारावी अशी तिची व्याप्ती ठरली. केंद्र सरकारच्या ‘यूडायस प्लस’ अहवालानुसार देशातील संगणक उपलब्ध असलेल्या शाळांचे प्रमाण २०२३-२४ मध्ये ५७.२ टक्के होते. ते २०२४-२५ मध्ये ६४.७ टक्के झाले. इंटरनेट असलेल्या शाळा याच काळात ५३.९ टक्क्यांवरून ६३.५ टक्क्यांवर गेल्या.

आकडे समाधानकारक वाटतात. पण ‘शाळेत संगणक आहे’ या एका नोंदीमागे मुलाच्या वाट्याला नेमके काय येते, हे साध्या हिशेबाने पाहता येईल. समजा, वर्गात ६० मुले आहेत, कक्षात १० संगणक चालू स्थितीत आहेत आणि आठवड्याला ३५ मिनिटांची एक तासिका आहे. रांगेने कक्षात जाऊन यंत्रे सुरू होईपर्यंत पाच मिनिटे जातात. उरलेल्या ३० मिनिटांत एका यंत्राभोवती सहा मुले, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटे. वर्षात ३६ तासिका झाल्या, तरी एकूण तीन तास. पाचवी ते आठवी या चार वर्षांत अवघे बारा तास! त्यातही वीज गेली, पावसाळी दमटपणाने यंत्र बिघडले किंवा परीक्षेच्या तयारीसाठी तासिका दुसऱ्या विषयाला दिली गेली, तर हा आकडा आणखी घटतो.

पट्ट्यातील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर कामासाठी जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुले आईवडिलांबरोबर गेली की अर्धे शालेय वर्ष हातून जाते. इतर विषयांचे पुस्तक निदान पिशवीतून नेता येते. संगणक कक्ष नेता येत नाही.

मोबाइल येतो, म्हणजे संगणक येतो?

‘हल्लीच्या मुलांना काय शिकवायचे, त्यांना सगळे येते,’ असे घरोघरी ऐकू येते. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणविषयक सर्वेक्षणाने २०२४ मध्ये हा समज तपासला. १४ ते १६ वयोगटातील ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. मागील आठवड्यात शिक्षणाशी संबंधित कामासाठी तो वापरणाऱ्यांचे प्रमाण ५७ टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी वापरणाऱ्यांचे ७६ टक्के. पडद्यावर बोट फिरवणे आणि माहिती साठवणे, तपासणे, तिच्यातून काही तयार करणे ही कौशल्ये भिन्न आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

शहरातील पालकांनी ही उणीव दहावीनंतरच्या सुटीत भरून काढण्याची सवय लावून घेतली. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन अर्थात ‘एमकेसीएल’ची स्थापना २००१ मध्ये झाली आणि तिचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यात पोहोचला. नोकरीच्या दृष्टीने त्याचा उपयोग झाला, हे निर्विवाद. परंतु तो शुल्क भरून करावयाचा अभ्यासक्रम आहे आणि दहावीपर्यंत पोहोचण्याआधीच शाळा सुटलेल्या मुलाला त्याचा आधार मिळत नाही.

नेमके शिकवायचे काय?

अनेक शाळांत संगणकाचा तास म्हणजे यंत्राच्या भागांची नावे पाठ करणे असे समीकरण झाले आहे. आयआयटी मुंबईतील अभ्यासगटाने २००७ च्या सुमारास ‘कॉम्प्युटर मस्ती’ हा अभ्यासक्रम तयार करताना याच पद्धतीला पर्याय शोधला. एखादे सॉफ्टवेअर शिकवण्यापेक्षा पायऱ्या पाडून विचार करणे, माहितीची मांडणी करणे आणि तर्काने उत्तर शोधणे यांवर त्याचा भर होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या टप्प्यावर संगणकीय विचार व कोडिंगचा पुरस्कार केला आहे.

यातील बराचसा भाग विजेशिवायही शिकवता येतो. पाच मुलांना एका ओळीत उभे करून त्यांच्या हाती १६, ८, ४, २ आणि १ ठिपक्यांची कार्डे द्यावीत. १९ हा आकडा दाखवायचा तर १६, २ आणि १ ची कार्डे पुढे, बाकीची पाठमोरी. पुढे म्हणजे एक, पाठमोरे म्हणजे शून्य, झाले १००११. शून्य ते ३१ पर्यंतची प्रत्येक संख्या या पाच कार्डांत बसते. संगणक सर्व माहिती दोनच चिन्हांत कशी साठवतो, हे सहावीतील मुलाला पटांगणात दहा मिनिटांत कळते.

यंत्रावरचा वेळ मग खऱ्या कामासाठी राखता येतो. कर्जत-खालापूरला धो धो पाऊस पडतो. जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस शाळेच्या आवारात पर्जन्यमापक ठेवून रोजची नोंद घ्यावी आणि ती तक्त्यात भरून बेरीज, सरासरी व आलेख काढावा. यातून गणित, भूगोल आणि संगणक असे तिन्ही विषय एकत्र शिकून होतात. मराठीत टंकलेखन, सापडलेली माहिती खरी की खोटी हे ताडून पाहणे, पासवर्ड आणि ओटीपी कोणाला का सांगू नये हे समजणे, या बाबीही याच वयात रुजायला हव्यात. घरात बँकेचा संदेश वाचू शकणारी पहिली व्यक्ती अनेकदा आठवीतील मुलगीच असते.

यंत्रापेक्षा वेळ महत्त्वाचा

यंत्रे वाटली की शिक्षण सुधारते, या समजुतीची कसोटी पेरू या देशात लागली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांत खैराटसारख्याच लॅपटॉपच्या परिणामांचा अभ्यास झाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मुलांच्या संगणक वापरात मोठी वाढ झाली आणि सर्वसाधारण आकलनशक्तीत काही सुधारणाही दिसली. मात्र गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडला नाही. शिक्षकाने तो लॅपटॉप धड्याशी कसा जोडावा, याची तयारी पुरेशी झालेली नव्हती.

आपल्याकडे मार्ग कोणता? वरील हिशेबात सहा मुलांऐवजी दोघांची जोडी यंत्रावर बसवली आणि वीस-वीसच्या तुकड्या आळीपाळीने नेल्या, तर प्रत्येकाचे वर्षाचे तास तीनच राहतात. पण पाच मिनिटांऐवजी सलग पंधरा मिनिटे मिळतात आणि हाती घेतलेले काम पूर्णत्वास जाते. बाहेर थांबलेल्या मुलांनी तेवढ्या वेळात कार्डांचे खेळ करावेत. एकूण तास वाढवायचे, तर कक्ष शाळेच्या वेळेबाहेर उघडा ठेवण्यावाचून पर्याय नाही. दूरच्या वाडीवर पायी परतणाऱ्या मुलांना हे अवघड आहे. आश्रमशाळा मात्र निवासी असतात. तेथे संध्याकाळ हाताशी असते. रोज एक तास कक्ष उघडला, तर ज्यांच्या घरी संगणक येण्याची शक्यता सर्वांत कमी, त्याच मुलांना तो सर्वांत जास्त मिळू शकेल.

त्यासाठी कक्षाची किल्ली सांभाळणारा आणि मुलांबरोबर बसणारा शिक्षक हवा, दुरुस्तीची तरतूद हवी आणि ती कंत्राटाची मुदत संपली म्हणून थांबता कामा नये. तपासणीच्या वेळी ‘संगणक किती?’ या प्रश्नाबरोबर ‘गेल्या महिन्यात प्रत्येक मुलाच्या वाट्याला किती मिनिटे आली?’ हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. खोपोलीची वीज वाड्यांवर पोहोचायला जितकी वर्षे लागली, तितकी वाट पाहण्याइतका वेळ आज पाचवीत बसलेल्या मुलाकडे नाही. त्याच्याकडे चारच वर्षे आहेत.