मुंबईहून पुण्याला नोकरीसाठी जाताना : भाड्याचे घर कोठे घ्यावे?

मुंबई, ठाणे किंवा डोंबिवलीतील घरात पुण्याच्या नोकरीचे नेमणूकपत्र येते, तेव्हा आनंदाच्या पाठोपाठ एक प्रश्नही येतो. राहायचे कोठे? रुजू होण्याची तारीख बहुधा महिना-दीड महिन्यावर असते. मग एखाद्या रविवारी सकाळच्या गाडीने पुणे गाठायचे, एजंटबरोबर चार-पाच घरे पाहायची, त्यातले बरे वाटेल त्यासाठी आगाऊ रक्कम द्यायची आणि संध्याकाळी परत फिरायचे, असा अनेकांचा क्रम असतो. रविवारी रस्ते मोकळे असतात, नळाला पाणी असते आणि गॅलरीतून टेकडी दिसते. घराची खरी ओळख होते ती सोमवारी सकाळी नऊ वाजता. तोपर्यंत अकरा महिन्यांच्या करारावर सही झालेली असते.

भाड्याचे घर निवडताना चूक होते ती बहुतेक वेळा घर पारखण्यात नव्हे, तर जागा पारखण्यात. खोल्या, फरशी, लिफ्ट हे सारे डोळ्यांना दिसते. कामाच्या ठिकाणी जाण्याचा रस्ता, पाण्याचा स्रोत आणि त्या भागाचा कारभार कोणाकडे आहे, या गोष्टी दिसत नाहीत. त्या विचाराव्या लागतात.

मुंबईचे माप पुण्यात चालत नाही

मुंबईकराच्या मनातील शहराचा नकाशा रेल्वेच्या मार्गांवर आखलेला असतो. ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’ एवढ्या तीन शब्दांत तेथे घराचे मोल कळते. घर बदलापूरला असो वा विरारला, गर्दी कितीही असली तरी प्रवासाला लागणारा वेळ साधारण ठाऊक असतो.

पुण्यात उपनगरी रेल्वे धावते ती प्रामुख्याने लोणावळ्याच्या दिशेने. रोजगाराची केंद्रे मात्र शहराच्या चारही बाजूंना विखुरलेली आहेत. पश्चिमेला हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान, पूर्वेला खराडी, मगरपट्टा आणि फुरसुंगी, उत्तरेला भोसरी आणि चाकणचा वाहन उद्योग, वायव्येला तळेगाव, तर नगर रस्त्यावर शहरापासून बऱ्याच अंतरावर रांजणगाव. हिंजवडी आणि खराडी ही नावे मुंबईत बसून ऐकताना शेजारची वाटतात. प्रत्यक्षात ती शहराची दोन टोके आहेत. त्यामुळे ‘पुण्यात घर हवे’ असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही. कोणत्या बाजूचे पुणे, हे आधी ठरावे लागते.

मेट्रोमुळे हे चित्र काही प्रमाणात बदलले आहे. ६ मार्च २०२२ रोजी पहिले दोन टप्पे सुरू झाले. मार्च २०२४मध्ये पूर्वेकडे रामवाडीपर्यंत, तर सप्टेंबर २०२४मध्ये भुयारी मार्गाने स्वारगेटपर्यंत गाडी पोहोचली. त्यामुळे कोथरूडचे वनाज, पिंपरी, शिवाजीनगर, स्वारगेट आणि रामवाडी ही ठिकाणे एकमेकांना जोडली गेली. हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या तिसऱ्या मार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८मध्ये झाले. पुढे तो सुरू होण्याच्या मुदती अनेकदा लांबल्या. ‘लवकरच येथे स्टेशन होणार’ हे वाक्य एजंटच्या तोंडी नेहमीचे असते. भाडेकरूने घर निवडावे ते आज सुरू असलेल्या प्रवासावर. उद्याच्या मेट्रोचा लाभ घर विकत घेणाऱ्याला कदाचित होईल. अकरा महिन्यांच्या भाडेकरूला तो मिळेलच असे नाही.

कामाच्या बाजूचे पर्याय

हिंजवडीत नोकरी असल्यास वाकड, बालेवाडी, बाणेर, औंध, पिंपळे सौदागर आणि पिंपळे निलख हे पर्याय समोर येतात. अंतरे फारशी नाहीत. मात्र वाकडचा पूल, भूमकर चौक आणि हिंजवडीतील शिवाजी चौक ही कोंडीची ठिकाणे घर आणि कार्यालय यांच्या मध्ये येतात की नाही, यावर दिवसाचा तास-दीड तास ठरतो. शिवाय कार्यालय पहिल्या टप्प्यात आहे की तिसऱ्या, हे विचारून घ्यावे. पत्त्यात दोन्ही ठिकाणी ‘हिंजवडी’च लिहिलेले असते, प्रवासात मोठा फरक पडतो. माण आणि मारुंजी येथे घर घेतल्यास चौकांची कोंडी काही अंशी टळते, पण बाजार, दवाखाना आणि शाळा यांसाठी पुन्हा वाकडकडेच यावे लागण्याची शक्यता असते.

खराडीसाठी विमाननगर, कल्याणीनगर, वडगाव शेरी आणि चंदननगर हे जवळचे भाग. स्वस्त घराच्या शोधात अनेक जण वाघोलीला जातात. तेथे भाडे कमी पडते, पण नगर रस्त्यावरील वाहतुकीची किंमत रोज मोजावी लागते. मगरपट्टा किंवा फुरसुंगीत काम असल्यास हडपसर, मांजरी, मुंढवा यांचा विचार होतो. चाकणला जाणाऱ्यांसाठी मोशी, भोसरी, चिखली हे भाग सोयीचे. तळेगावचा विचार करणाऱ्यांना मुंबईसारखी लोकलची सोय मिळते, पण गाड्यांची संख्या मुंबईच्या मानाने फारच कमी असते. वेळापत्रक पाहूनच निर्णय घ्यावा.

कोथरूड, कर्वेनगर, सदाशिव पेठ ही नावे मुंबईकर मराठी कुटुंबाला ओळखीची आणि आपलीशी वाटतात. नाट्यगृह, वाचनालय, मंडई, नातेवाईक सारे जवळ. पण खराडी किंवा चाकणच्या नोकरीसाठी कोथरूडला राहणे म्हणजे रोज शहर ओलांडणे होय. ओळखीच्या भागाची ओढ असेल तर तेथून कार्यालयाची बस मिळते का, हे पाहणे आवश्यक ठरते.

स्वस्त घराचा हिशेब

समजा, कार्यालयाजवळील घराचे भाडे २५ हजार रुपये आहे आणि दूरच्या घराचे १८ हजार. महिन्याला सात हजार वाचतात. आता दूरच्या घरातून जाताना एक तास आणि येताना एक तास अधिक लागत असेल, तर महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांत ४४ तास रस्त्यावर जातात. म्हणजे प्रत्येक तासाचे मोल सुमारे १६० रुपये पडले. त्यातून पेट्रोलचा खर्च वजा केला तर ते आणखी कमी होते. तेवढ्या पैशांसाठी तो तास द्यायचा का, हे प्रत्येक कुटुंबाने आपापल्या परिस्थितीनुसार ठरवावे. एकट्या तरुणाचे उत्तर आणि लहान मूल घरी वाट पाहत असलेल्या आईचे उत्तर सारखे असणार नाही.

पती आणि पत्नी दोघेही नोकरी करत असतील तर प्रश्न अधिक नाजूक होतो. दोन कार्यालयांच्या बरोबर मध्यावर घर घेणे न्याय्य वाटते, पण त्यामुळे दोघांचाही प्रवास लांबतो, असे अनेकदा घडते. ज्याच्या कामाच्या वेळा अधिक ताठर आहेत किंवा ज्याच्यावर मुलाला शाळेतून आणण्याची जबाबदारी आहे, त्याच्या बाजूला घर घेणे बहुधा व्यवहार्य ठरते. कुटुंब मुंबईतच राहणार आणि एकटाच पुण्यात येणार असेल, तर शुक्रवारी संध्याकाळी मुंबईकडे निघणे कोठून सोपे, हा निकषही महत्त्वाचा. द्रुतगती मार्गाच्या दृष्टीने वाकड-रावेतचा पट्टा, तर रेल्वेच्या दृष्टीने शिवाजीनगर, पुणे स्टेशन आणि चिंचवडचा परिसर सोयीचा पडतो.

पाणी कोठून येते?

मुंबईत महापालिकेच्या नळाचे पाणी गृहीत धरण्याची सवय असते. पुणे परिसरात तसे गृहीत धरता येत नाही. पुणे शहराला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणसाखळीतून पाणी मिळते, तर पिंपरी-चिंचवडची भिस्त प्रामुख्याने पवना धरणावर आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने नोव्हेंबर २०१९पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला होता. साहजिकच, सोसायटीची साठवणक्षमता किती, हा प्रश्न तेथे गौण राहत नाही.

शहराच्या कडेला स्थिती आणखी वेगळी आहे. सूस, म्हाळुंगे, वाघोली, मांजरी बुद्रुक, नांदेड यांसह २३ गावे जून २०२१मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. गाव महापालिकेत येणे आणि महापालिकेची जलवाहिनी गावात येणे या दोन घटनांमध्ये अनेक वर्षांचे अंतर असू शकते. तोपर्यंत नव्याकोऱ्या इमारतींनाही टँकरचा आधार घ्यावा लागतो आणि तो खर्च देखभाल शुल्कातून वसूल होतो. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता परिसरातील नांदेड, किरकिटवाडी, धायरी भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा दूषित पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आला होता. त्यामुळे पाणी किती येते याबरोबरच ते शुद्ध होऊन येते का, हेही विचारावे.

पाण्याची दुसरी बाजू पावसाळ्यात दिसते. सप्टेंबर २०१९मध्ये आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने आणि जुलै २०२४मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरलेल्या पाण्याने हे दाखवून दिले. नदी किंवा ओढ्यालगतच्या इमारतीत तळमजल्याचे घर घेण्यापूर्वी शेजारच्या दुकानदाराशी दोन शब्द बोलणे उपयोगी पडते. ‘मे महिन्यात टँकर येतात का?’ आणि ‘जुलैत पाणी कुठवर येते?’ या दोन प्रश्नांना घरमालकापेक्षा इमारतीचा सुरक्षारक्षक अधिक मोकळेपणाने उत्तर देतो.

कराराचे कागद

जागा ठरली की करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. दुसरीकडे, मुदत संपूनही लायसन्सवर घेतलेले घर रिकामे न केल्यास कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते.

नोंदणीचा खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परतीच्या अनामत रकमेवरील दहा टक्के दराने काढलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असते. महिना २५ हजार भाडे आणि एक लाख अनामत असलेल्या अकरा महिन्यांच्या करारासाठी ही रक्कम सुमारे ७१० रुपये होते. नोंदणी शुल्क वेगळे. ही नोंदणी ऑनलाइनही करता येते. नोंदणीकृत करार पुढे गॅसजोडणी, बँक आणि शाळाप्रवेशासाठी पत्त्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

सहीपूर्वी दोन कलमे काळजीपूर्वक वाचावीत. ‘लॉक-इन’चा काळ किती आणि तो दोन्ही बाजूंना लागू आहे का, हे पहिले. जागा चुकली असे दुसऱ्या महिन्यात लक्षात आले, तर सुटका किती रुपयांना पडेल हे त्यावरून कळते. अनामत रकमेतून कशाची वजावट होणार आणि ती किती दिवसांत परत मिळणार, हे दुसरे. घर न पाहता, केवळ छायाचित्रांवरून ‘टोकन’ पाठवणे मात्र कटाक्षाने टाळावे. या मार्गाने अनेकांची फसवणूक झाली आहे.

सोसायटीच्या नियमांचाही अंदाज घ्यावा. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी आकारते ते बिनभोगवटा शुल्क राज्य शासनाच्या ऑगस्ट २००१च्या आदेशानुसार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही आणि ते सभासद असलेल्या घरमालकाने भरायचे असते. अविवाहितांना घर न देण्याचे तोंडी संकेत मात्र अनेक ठिकाणी आढळतात. आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच याची स्पष्ट विचारणा केल्यास पुढील मनस्ताप वाचतो.

आधी पंधरा दिवस, मग अकरा महिने

या साऱ्यातून एक सोपा मार्ग निघतो. पहिले पंधरा दिवस किंवा महिनाभर कार्यालयाजवळ पेइंग गेस्ट म्हणून किंवा परिचिताकडे राहावे, संसार मुंबईतच ठेवावा. या काळात ज्या भागांचा विचार आहे, तेथून कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळी दोनदा तरी प्रवास करून पाहावा. पाहुणा म्हणून राहण्याचा खर्च वाया गेल्यासारखा वाटतो. चुकीच्या जागी घर घेऊन चार महिन्यांत पुन्हा सामान हलवायचे, तर टेम्पो, दलाली आणि लॉक-इनची भरपाई मिळून त्याहून कितीतरी अधिक खर्च होतो. मुलाची शाळा मध्येच बदलावी लागली, तर त्याचा हिशेब रुपयांत करता येत नाही.

सहीपूर्वी विचारायचे प्रश्न

- कामाच्या दिवशी सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहा वाजता प्रवासाला किती वेळ लागतो?
- पाणी महापालिकेचे, विहिरीचे की टँकरचे? रोज की दिवसाआड?
- भाग कोणत्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत येतो?
- देखभाल शुल्क भाड्यात धरले आहे का?
- लॉक-इन, नोटीस आणि अनामत परतीच्या अटी करारात लिहिल्या आहेत का?
- करार नोंदवला जाणार का आणि पोलिसांना भाडेकरूची माहिती कोण देणार?