कपाटाची किल्ली

परवा श्रावणातल्या एका संध्याकाळी मी आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात वर्तमानपत्र चाळत बसलो होतो. धानाची रोवणी आटोपली की भंडारा जिल्ह्यात चार दिवस उसंत असते. तेवढ्यात सातवी-आठवीतली एक मुलगी दप्तर घेऊन आत आली आणि विचारती झाली, "मुलांची पुस्तकं कुठं हायेत जी?"

ग्रंथपालांनी मागच्या कपाटाकडे बोट दाखवले. कपाटाला कुलूप होते. किल्ली सापडायला दहा मिनिटे गेली. मुलीने दोन-चार चित्रांची पुस्तके उघडून पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, हे तर लहान्या लेकरायचं हाये. माह्या वयाचं काही नाही का?"

मला उत्तर सुचले नाही. कारण ते कुलूप लावायला मीच सांगितले होते.

झाले असे, की बँकेत अधिकारी असताना वाचनालयाच्या मंडळींनी मला हिशेब पाहायला बोलावले. मी दाखल नोंदवहीशी एकेक पुस्तक ताडून पाहिले. बालविभागातली छत्तीस पुस्तके गहाळ! रोकडीच्या तिजोरीला दोन किल्ल्या लावून घरी जाणारा मी माणूस. मी दुसरे काय सुचवणार? कपाटाला कुलूप बसले. पुढच्या मोजणीत एकही पुस्तक कमी भरले नाही आणि सभेत माझे अभिनंदन झाले.

त्या संध्याकाळी मी पुस्तकांच्या शेवटच्या पानावरच्या तारखेच्या चिठ्ठ्या पाहिल्या. बहुतेकांवरचा शेवटचा शिक्का कुलूप लागण्याच्या आधीचा होता. हिशेब चोख जुळला होता. वाचक तेवढे खात्यातून वजा झाले होते. गहाळ झालेली छत्तीस पुस्तकेच सर्वांत जास्त वाचली गेली असतील, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

कळायला हवे होते, कारण माझ्या हातूनही एक पुस्तक असेच गेले आहे. १९७१ साली बालभारतीने 'किशोर' मासिक सुरू केले, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. त्याच्या पाठोपाठ भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' हाती आला. फुरसुंगीचा तो बनेश सायकलवरून पुण्यात हिंडायचा आणि मी त्याच्यामागून आमच्या बोडीच्या पाळीवरून. एकदा त्या पाळीवरच पुस्तक पाण्यात पडले, फुगले. भीतीपोटी मी ते कधी परत केले नाही. मोजणीच्या दिवशी हे मला आठवले नाही. याला विसर म्हणायचे की सोय, हे वाचकांनीच ठरवावे.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हा त्यांतला पहिला. वाचायला इतका साधा आणि पाळायला इतका अवघड नियम दुसरा नसेल. अर्थात एकट्या ग्रंथपालांना बोल लावून उपयोग नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर आपल्याकडे अनुदान आले, 'अ'पासून 'ड'पर्यंत वर्ग आले, आणि त्यासोबत नोंदी व तपासणीही आली. हरवलेल्या पुस्तकाचा जाब विचारला जातो. न वाचलेल्या पुस्तकाचा कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल आणि मी पुन्हा दाखल नोंदवही घेऊन बसलो. या वेळी काय हरवले ते नव्हे, काय आहे ते पाहायला. तेव्हा ध्यानात आले की त्या मुलीच्या वयाची पुस्तके वाचनालयात होती, पण बालविभागात नव्हती. प्रकाश नारायण संतांचे 'वनवास' मोठ्यांच्या कथासंग्रहांत उभे होते. त्यातला लंपन तिच्याहून फार मोठा नाही. मारुती चितमपल्लींचे 'रानवाटा' ललित लेखनात होते. चितमपल्ली वनाधिकारी म्हणून ज्या नवेगावबांधच्या जंगलात राहिले, ते तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होते. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि ते तिकडे गेले. आपल्या शेजारच्या तळ्यावरचे पक्षी पुस्तकात भेटतात, हे इथल्या मुलांना कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून आई-वडिलांना माझे सांगणे एवढेच, की मुलांना घेऊन वाचनालयात जाल तेव्हा बालविभागाशी थांबू नका. बारा-तेरा वर्षांच्या मुलांची पुस्तके चरित्रांत, प्रवासवर्णनांत, विज्ञानाच्या नि निसर्गाच्या कपाटांत विखुरलेली असतात. यादी मागा, नोंदवही पाहू द्या म्हणा. पुस्तक मुलांना स्वतः निवडू द्या, आणि आवडले नाही तर अर्धे टाकूनही देऊ द्या. 'किशोर'चे जुने अंक आता इंटरनेटवरही वाचायला मिळतात. पण कपाटासमोर उभे राहून हाताने पुस्तक ओढून काढण्याची मजा निराळीच.

आम्ही अशी चाळीसेक पुस्तके काढून दाराजवळच्या उघड्या फळीवर मांडली. मुलगी आठवड्याने आली. 'वनवास' घेऊन गेली.

काल वाचनालयात गेलो तर तिची मुदत उलटून अकरा दिवस झाले होते. माझ्यातला जुना अधिकारी लगेच जागा झाला. ग्रंथपाल म्हणाले, "तिच्या मैत्रिणीकडं हाये म्हणते, साहेब. तिथून आणखी कोणाकडं गेलं म्हणे." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "कुलूप लावू का परत?"

मी नको म्हणालो. आणि माझ्या त्या भिजलेल्या पुस्तकाची किंमत म्हणून एक नवा 'फास्टर फेणे' फळीवर ठेवून आलो. पन्नास वर्षांचे व्याज मात्र अजून देणे आहे.