मुसलमान डुकराचे मांस का खात नाहीत?

धान पोटरीला आले की आमच्या गावची माणसे रात्री बांधीवर जागलीला जातात. रानडुकरांचा कळप शिरला तर एका रात्रीत उभ्या पिकाची नासधूस होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला. परंतु त्यापूर्वी रानडुक्कर मारले की घरोघर वाटा जात असे, असे आजी सांगते. किराणा दुकान चालविणाऱ्या एकुलत्या एक मुसलमान कुटुंबाकडे मात्र तो कोणी नेत नसे, आणि त्यात कोणाला वावगेही वाटत नसे.

त्याच घरचा मुलगा आज माझ्या वर्गात आहे. "तुम्ही डुक्कर का खात नाही रे?" असे मी त्याला एकदा सर्वांदेखत विचारले. मुले हसली. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही कासव का खात नाही?" मला उत्तर सुचले नाही. म्हणून मी ग्रंथालयाची वाट धरली.

पहिले कारण अर्थातच धर्माज्ञा. कुराणात चार ठिकाणी हे मांस निषिद्ध ठरविले आहे. मेलेले जनावर, रक्त आणि अल्लाखेरीज दुसऱ्याच्या नावाने दिलेला बळी यांच्याच पंक्तीत ते बसविले आहे. सहाव्या अध्यायात त्याला अपवित्र म्हटले आहे. तथापि उपासमारीने नाइलाज झाला तर खाणाऱ्यास दोष नाही, अशी मुभाही तेथेच दिली आहे. ही मनाई इस्लामहूनही जुनी आहे. डुकराचे खूर दुभंगलेले असतात, पण ते रवंथ करीत नाही, म्हणून यहुद्यांच्या धर्मग्रंथानेही ते वर्ज्य मानले.

पुढे विद्वानांनी आपापली कारणे शोधली. बाराव्या शतकातील यहुदी वैद्य मैमोनिदिस याने डुकराच्या घाणेरड्या राहणीकडे बोट दाखविले. डुकराच्या मांसातून माणसाला होणाऱ्या कृमीचेही कारण पुष्कळ जण सांगतात. पण तो कृमी सापडला १८३५ साली, आणि मनाई त्याच्या कित्येक शतके आधीची! मानवशास्त्रज्ञ मार्विन हॅरिस यांनी १९७४ साली निराळा विचार मांडला. डुकराला सावली व पाणी लागते. ते दूध देत नाही, नांगर ओढीत नाही, उलट माणसाच्याच धान्यात वाटेकरी होते. अरबस्तानासारख्या कोरड्या मुलखात ते पाळणे परवडणारे नव्हते.

तर्क पटण्यासारखा आहे. परंतु माझा मित्र वाळवंटात राहत नाही. आमच्याकडे तर सावलीला तोटा नाही. तरीही तो खात नाही, कारण ती अल्लाची आज्ञा आहे आणि त्याच्या वाडवडिलांनी ती पाळली आहे.

आम्हा गोंडांत प्रत्येक कुळाचा एखादा प्राणी, पक्षी वा वृक्ष असतो. आमच्या कुळाचे कासव. आम्ही ते पूज्य म्हणून खात नाही, तो डुक्कर अपवित्र म्हणून खात नाही. हा भेद मोठा आहे. पण "आपण कोण?" या प्रश्नाचे उत्तर दोघेही ताटावर बसूनच शिकलो, हे मात्र सारखे.

आता तो आमच्याकडे जेवायला येतो. घरात मटण शिजले असले तरी आई त्याच्यापुढे भात आणि भाजीच वाढते. ती शाळेत कधी गेली नाही. मला जे पुस्तकांतून शोधावे लागले, ते तिने त्याला कधी विचारलेसुद्धा नाही.