अमालूरचे राज्य : एका जुन्या व्हिडिओ गेमकडे पुन्हा पाहताना

व्हिडिओ गेम हा विषय वसंतातील व्याख्यानांच्या व्यासपीठावर आणावा की नाही, याविषयी दुमत होण्याचा संभव आहे. ज्या व्यासपीठावर राज्यकारभार, अर्थकारण, संतवाङ्मय आणि इतिहास यांची चर्चा व्हावयाची, तेथे मुलांच्या करमणुकीला जागा कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ज्या वस्तूत शेकडो माणसांचे कष्ट, एका राज्याचा पैसा आणि दैव-पौरुषाचा सनातन प्रश्न एकत्र येतात, ती वस्तू केवळ करमणुकीची राहत नाही. 'किंगडम्स ऑफ अमालूर : रेकनिंग' हा 2012 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला खेळ अशी वस्तू आहे, आणि एवढ्या वर्षांनी तो पुन्हा उघडून पाहणे फुकट जात नाही.

प्रथम हा खेळ कोणत्या जातीचा, ते पाहू. आपल्याकडील सोंगट्यांच्या पटावर दोन सत्ता नांदतात. कवड्यांचे किंवा फाशांचे दान दैवाच्या हाती, आणि सोंगटी कोणती हलवावयाची हे खेळणाऱ्याच्या हाती. अमेरिकेत 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला, त्याची घडण मुळात अशीच होती. चार मंडळींनी टेबलाभोवती बसावे, एकेकाने योद्ध्याचे, मांत्रिकाचे किंवा चोराचे सोंग घ्यावे, आणि वार लागला की हुकला हे फासा टाकून ठरवावे. अनुभव वाढेल तसे पात्राचे बळ वाढावे. यालाच भूमिका-खेळ म्हणतात. पुढे संगणक आला आणि फासे टाकण्याचे काम यंत्राने आपल्याकडे घेतले. त्यानंतर काही कर्त्यांना वाटले की, वार लागणे न लागणे हे फाशावर न ठेवता खेळणाऱ्याच्या बोटांच्या चपळाईवर ठेवावे. समोर शत्रूंचा घोळका, हाती तलवार, आणि सपासप वार करीत पुढे जावयाचे. बळ वाढविण्याचे गणित जुन्या खेळाचे, आणि हात मात्र खेळणाऱ्याचा. त्यात हिंडावयास एक अफाट प्रदेश मोकळा ठेवला, कोणत्या गावी आधी जावे हे खेळणाऱ्यावर सोपविले, की 'मुक्त जगाचा' खेळ सिद्ध होतो. अमालूर हा या तिन्ही प्रवाहांच्या संगमावरचा खेळ होय.

त्याच्या कर्त्यांची नावे त्या क्षेत्रात मोठी होती. 'मॉरोविंड' (2002) आणि 'ऑब्लिव्हियन' (2006) या गाजलेल्या मुक्त-जगाच्या खेळांचे प्रमुख रचनाकार केन रोल्स्टन येथेही रचनेत होते. या जगाचा दहा हजार वर्षांचा कल्पित इतिहास कादंबरीकार आर. ए. साल्व्हाटोर यांनी रचला. चित्रांची दृष्टी 'स्पॉन' या चित्रकथेचे जनक टॉड मॅक्फार्लेन यांची, आणि संगीत ग्रांट कर्कहोप यांचे. प्रत्यक्ष बांधणी मेरिलँडमधील 'बिग ह्यूज गेम्स' या संस्थेने केली.

कथेचा आरंभ विलक्षण आहे. दोन बुटके एका मृतदेहाची गाडी ढकलीत नेत असतात, आणि तो मृतदेह म्हणजे खेळणारा स्वतः. त्याला प्रेतांच्या ढिगात टाकले जाते. पण 'आत्म्यांची विहीर' नावाच्या प्रयोगाने तो पुन्हा जिवंत होतो. अमालूरच्या जगात प्रत्येकाचे भवितव्य वस्त्रासारखे विणलेले असते, आणि ते वाचणारे 'नियती-विणकर' गावोगाव आढळतात. आपल्याकडे बाळाच्या जन्मानंतर सटवाई येऊन कपाळी लिहून जाते अशी समजूत आहे. हे विणकर ते लिखित वाचणारेच म्हणावयाचे. पण या एका माणसाचे लिखित त्याच्या मरणाबरोबर संपलेले असते. तो परत आला तो कोऱ्या कपाळाने. ज्याला नियती नाही, त्याच्यावर नियतीची सत्ताही नाही. किंबहुना तो ज्याच्या वाटेत येईल त्याचेही ठरलेले भवितव्य बदलून जाते. दहा वर्षे वेढ्यात अडकलेले मेल सेन्शीर हे शहर पडणार हे विणकरांनी वाचलेले असते, आणि हा कोरा माणूस तो वेढा फोडतो.

या कल्पनेला खेळाच्या यंत्रणेतही स्थान दिलेले आहे, आणि आमच्या मते कर्त्यांचे खरे कसब तेथे दिसते. शत्रूंशी लढताना नियतीचे एक माप हळूहळू भरत जाते. ते भरले की कळ दाबावी. भोवतालचा काळ मंदावतो, शत्रू जणू पाण्यात चालल्यासारखे हलू लागतात, आणि अखेरीस त्यांच्यापैकी एकाचा नियतीचा धागा ओढून त्याचेच शस्त्र करता येते. दुसरी सोय अशी की, खेळणाऱ्याने बळ, चापल्य आणि मंत्रविद्या या तीन शाखांत वाटलेले गुण पटत नसतील, तर विणकराला मोल देऊन ते सारे पुसावेत आणि पुन्हा वाटावेत. इतर पुष्कळ खेळांत एकदा योद्धा झालेला मनुष्य जन्मभर योद्धा. येथे तसे बंधन नाही. कारण ज्याचे कपाळ कोरे, त्याला जात कसली?

लढण्याची रीत आजही ताजी वाटते. एकच कळ लागोपाठ दाबली तर एक प्रकारचे वार होतात. मध्ये क्षणभर थांबून दाबली तर दुसराच डाव बाहेर पडतो. ढाल वेळेवर पुढे केली तर शत्रू उघडा पडतो. लेझीम खेळणाऱ्याला ठेक्याचे जे महत्त्व, तेच येथे. शस्त्रांत एक आपल्या ओळखीचे आहे. त्याला तेथे 'चक्रम' म्हणतात. मराठीत या शब्दाचा अर्थ विक्षिप्त मनुष्य असा होत असल्याने आपणांस प्रथम हसू येते. परंतु हे शस्त्र म्हणजे आपले चक्रच होय. निहंग शीख ज्या पोलादी धारदार कड्या पगडीवर धारण करीत आले, त्यांचेच हे भावंड. खेळात मात्र ते मांत्रिकाच्या हाती दिले आहे, आणि फेकले की ते अग्नीचे किंवा हिमाचे वर्तुळ काढून परत येते.

या खेळातील एक उपकथा विशेष सांगण्यासारखी आहे. अमालूरमध्ये 'फे' नावाचे अमर लोक राहतात. त्यांच्यापैकी काहींनी पोवाड्यांचे एक घराणे चालविले आहे. प्राचीन वीरकथा ते पिढ्यान्‌पिढ्या प्रत्यक्ष जगून दाखवितात. नायकाचे सोंग घेणाऱ्याने तीच वाट चालावी, त्याच शत्रूला मारावे. खलाचे सोंग घेणाऱ्याने दर खेपेस हरावे. आपल्या कोकणातील दशावतारात संकासुर दरवर्षी येतो आणि दरवर्षी मार खातो, तसाच हा प्रकार. पण एका खेपेस खलनायिका ठरलेल्या शेवटाला नकार देते. कथा जशी आहे तशी राखावी, की हरण्यासाठीच नेमलेल्या पात्राला एकदा जिंकू द्यावे, हा निर्णय खेळणाऱ्याला करावा लागतो. परंपरेचे रक्षण आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य या विषयावर आपण पुष्कळ व्याख्याने ऐकली असतील. येथे तो प्रश्न हातात तलवार देऊन विचारला आहे.

दोष नाहीत असे नाही. जगाला मुक्त म्हटले, तरी ते वस्तुतः अरुंद वाटांनी जोडलेल्या दालनांची एक मोठी हवेली आहे. वाटेल तेथून उडी मारता येत नाही. नेमून दिलेल्या जागीच उडी. गावकऱ्यांनी सांगितलेली कामे शेकड्यांनी, आणि त्यांतली बरीचशी 'अमुक गुहेतून तमुक वस्तू आणून द्या' या साच्याची. मोठा दोष असा की, एखाद्या प्रदेशात प्रथम पाऊल ठेवताच तेथील शत्रूंचे बळ त्या वेळच्या बेतानेच कायमचे ठरून जाई. साऱ्या गावांची कामे करीत फिरणारा कष्टाळू खेळणारा मग इतका बलवान होई की पुढची लढाई त्याला पोरखेळ वाटे. श्रमाचे फळ नीरसता, असा हा उलटा न्याय होता. 2020 साली 'री-रेकनिंग' या नावाने खेळाची सुधारलेली आवृत्ती निघाली, तीत हा नियम बदलला आणि अधिक अवघड पायरीही घातली.

आता खेळाबाहेरची कथा. ती आतल्या कथेहून अधिक विचार करावयास लावते.

कर्ट शिलिंग हे बेसबॉलचे नामांकित खेळाडू. बोस्टनच्या संघाने 86 वर्षांनी 2004 साली अजिंक्यपद मिळविले, त्या संघाचे ते चेंडूफेके. त्यांच्या अंगरख्यावरचा आकडा 38. त्याच आकड्याच्या नावाने पुढे ओळखली गेलेली '38 स्टुडिओज' ही संस्था त्यांनी 2006 साली काढली आणि तीत स्वतःची संपत्ती घातली. त्यांचे स्वप्न होते ते हजारो माणसांनी एकाच वेळी एका जगात खेळावयाच्या खेळाचे. त्याचे काम 'कोपर्निकस' या नावाने चाले. 2009 साली त्यांनी 'बिग ह्यूज गेम्स' विकत घेतली आणि तिच्याकडे तयार होत असलेला खेळ आपल्या अमालूरच्या जगात बसविला. म्हणजे ज्या खेळाविषयी आपण बोलत आहोत, तो मोठ्या स्वप्नाचा केवळ नांदीचा प्रवेश होता.

2010 साली ऱ्होड आयलंड राज्याच्या आर्थिक विकास महामंडळाने या संस्थेसाठी 7 कोटी 50 लाख डॉलरचे रोखे काढले. अट अशी की संस्थेने मॅसॅच्युसेट्स सोडून प्रॉव्हिडन्स शहरी यावे आणि 2012 अखेर 450 नोकऱ्या निर्माण कराव्यात. ऱ्होड आयलंड हे क्षेत्रफळाने अमेरिकेतील सर्वांत लहान राज्य; 2010 च्या शिरगणतीत त्याची वस्ती साडेदहा लाखांच्या घरात. दरडोई हिशेब केला तर तान्ह्या मुलासह प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 71 डॉलरची जोखीम आली. बेकारी वाढलेली होती, जुने कारखाने बंद पडले होते, आणि नवा उद्योग दारी येतो म्हटल्यावर राज्यकर्त्यांना मोह पडला. हा मोह समजण्यासारखा आहे. पण रोखे एकाच संस्थेसाठी, आणि तेही तिने मुख्य माल बाजारात आणण्यापूर्वी, ही गोष्ट साध्या सावकारानेही दोनदा विचार करून केली असती.

फेब्रुवारी 2012 मध्ये खेळ प्रसिद्ध झाला. शिलिंग यांनी दिलेल्या आकड्याप्रमाणे पहिल्या 90 दिवसांत 12 लाखांहून अधिक प्रती खपल्या. तथापि कोपर्निकस अपुरा होता, त्याचे उत्पन्न शून्य, आणि पगार मात्र दर महिन्याला द्यावयाचे. 1 मे रोजी राज्याला द्यावयाचा सुमारे 11 लाख डॉलरचा हप्ता चुकला. 24 मे रोजी दोन्ही ठिकाणच्या सर्व, म्हणजे जवळजवळ चारशे, माणसांना कामावरून कमी करण्यात आले. त्या महिन्याचा पगारही त्यांना मिळाला नाही. 7 जून रोजी संस्थेने दिवाळे जाहीर केले. राज्याने पुढे संबंधितांवर दावे लावले. तडजोडींतून सुमारे 6 कोटी 10 लाख डॉलर हाती आले. व्याजासह उरलेला बोजा करदात्यांवर पडला.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. 'या खेळाने राज्य बुडविले' असे पुष्कळ लोक म्हणतात. ते न्याय्य नाही. कर्ज मुख्यतः कोपर्निकससाठी होते, आणि कोपर्निकस कधीच प्रसिद्ध झाला नाही. जे पूर्ण झाले ते काम चांगले होते. बुडाले ते न झालेल्या कामापायी. नांदी रंगली, आणि पडदा वर जाण्यापूर्वीच नाटक मंडळी मोडली.

मंडळी मोडली तरी वस्तूचे काय झाले? पुस्तक लिहिणारा गेला तरी पुस्तक कपाटात राहते. खेळाचे तसे नाही. तो विशिष्ट यंत्रावर चालतो; यंत्र बदलले, हक्क कोणाकडे ते ठरेना, की खेळ मुका होतो. अमालूरचे हक्क दिवाळखोरीच्या गुंत्यात वर्षानुवर्षे अडकून पडले होते. 2018 साली 'टीएचक्यू नॉर्डिक' या संस्थेने ते घेतले. 2020 मध्ये नवी आवृत्ती काढली, आणि डिसेंबर 2021 मध्ये 'फेटस्वॉर्न' हा नवा कथाभागही जोडला. प्रेतांच्या ढिगात टाकलेला मनुष्य उठून बसतो, ही खेळातील घटना खुद्द खेळाच्या बाबतीत खरी ठरली. पण हे आपोआप झाले नाही. कोणीतरी मोल दिले, कोणीतरी जुनी आज्ञावली पुन्हा वाचली, खेळणाऱ्यांनी आठवण मालवू दिली नाही. कोपर्निकसला असे कोणी भेटले नाही, म्हणून तो ढिगातच राहिला.

दैव बलवान की पौरुष, हा वाद आपल्याकडे महाभारतापासून चालत आला आहे, आणि योगवासिष्ठाने तर पौरुषाची बाजू मोठ्या आवेशाने मांडली. अमालूरची कथाही त्याच पक्षाची आहे. मात्र तिच्या कर्त्यांचा अनुभव पाहता त्या पक्षाला एक पुरवणी जोडावी असे आम्हांस वाटते. खेळातील कोरा नायक एकटा हिंडतो. त्याची चूक झाली तर त्याचेच प्राण जातात आणि तो पुन्हा डाव मांडतो. प्रत्यक्षात धाडस एकाचे असते, आणि त्याबरोबर चारशे घरांच्या चुली व दहा लाखांच्या करांचा पैसा पटावर लागलेला असतो. तेथे डाव पुन्हा मांडता येत नाही. म्हणून पौरुषाला हिशेबाची जोड हवी, आणि तो हिशेब दान पडण्यापूर्वी मागण्याचा अधिकार, नव्हे कर्तव्य, नागरिकांचे आहे.