फिटपेक्षा लपवाछपवी जड

धरमतर खाडीकाठी वाढलेल्या मुलाला ‘पाण्यात उतरू नकोस’ म्हणणं सोपं नाही. पण अपस्मार असेल आणि फिट्स आटोक्यात नसतील, तर एकट्यानं पोहणं, होडीत जाणं टाळायलाच हवं. अशी थोडी बंधनं खरी, बाकीची बरीचशी आपणच लादलेली. औषधं नीट घेतली तर सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फिट्स थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तरुणांना घोर असतो तो लग्नाचा. हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची आडकाठी १९९९ मध्ये निघाली, तरी स्थळ पाहताना गोळ्यांचा डबा लपवला जातोच. मग नव्या घरात गोळी चोरून घ्यायची, ती चुकते आणि फिट येते! पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतः हा आजार सोसून ‘संवेदना फाउंडेशन’ हा आधारगट उभा केला. अपस्मार असलेल्यांची लग्नं जुळवण्याचं कामही तिथे होतं, आजार न लपवता.

मुलींनी मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावं. व्हॅल्प्रोएटसारखं औषध गर्भाला अपाय करू शकतं. मात्र गोळी परस्पर बंद करू नये.

आणि समोर कुणाला फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही, तर थेट दवाखाना.