सेव्ह दाबलं आणि ॲपच बंद! पायथॉनमधली एक चूक सगळी विंडो कशी पाडते?

पायथॉनमध्ये ॲप बनवलं, 'सेव्ह'चं बटण दाबलं आणि अख्खी विंडोच गायब झाली. न साठवलेलं कामही गेलं. चूक तर एकाच ओळीत होती, मग असं का झालं?

क्यूटी हे विंडो, बटणं, मेन्यू पुरवणारं टूलकिट सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं आहे. ते पायथॉनमधून वापरता यावं म्हणून मध्ये पायक्यूटी असतं. अशा दुव्याला बाइंडिंग म्हणतात. तुमचं क्लिक आधी सी प्लस प्लसकडे पोचतं आणि तिथून तुमचं पायथॉन फंक्शन चालवलं जातं. त्या फंक्शनमधली एरर तिथेच पकडली नाही, तर ती जाणार कुठे? पलीकडच्या सी प्लस प्लसला ती कळतच नाही.

पूर्वी पायक्यूटी अशी एरर टर्मिनलवर छापून पुढे जायचं. 2015 मधल्या 5.5 आवृत्तीपासून मात्र ते थेट ॲप बंद करतं. कठोर वाटेल, पण चुकीचा डेटा घेऊन गुपचूप चालणाऱ्या ॲपपेक्षा हे बरंच.

म्हणून फाइल उघडणं, लिहिणं असा धोक्याचा भाग ट्राय-एक्सेप्टमध्ये ठेवा आणि फाइल सेव्ह झाली नाही, हे युजरला स्पष्ट सांगा. एक्सेप्टखाली नुसतं 'पास' लिहून मोकळं होणं सर्वांत वाईट, कारण युजर फाइल सेव्ह झाली असंच समजतो. नजरेतून सुटलेल्या एररसाठी सिसमधलं एक्सेप्टहुक स्वतःचं लावा. मग पायक्यूटी ॲप बंद न करता एरर त्याच्याकडे सोपवतं आणि ती लॉगमध्ये नोंदवता येते.