बाळंतिणीचे ताट

कृष्णाकाठच्या सातारा-सांगलीकडे लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, की डिंक, खारीक, खोबरे, सुंठ आणि अळीव यांची जमवाजमव घरात आधीच झालेली असते. आणि बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, अळिवाची खीर व वर साजूक तूप पोटात गेले म्हणजे अंगावरच्या दुधाची काळजी मिटली, अशी लेकीच्या आईची निष्ठा असते. ही निष्ठा मला आदरणीय वाटते. पहिले सहा महिने स्तनदा स्त्रीस रोज सुमारे ६०० कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिने अधिक लागतात, असे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. त्या वाढीव गरजेतील मोठा हिस्सा डिंकाच्या लाडवांनी आणि अळिवाच्या खिरींनी पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट भागवला आहे.

परंतु जीवनसत्त्वांचा आणि खनिजांचा जमाखर्च याहून नाजूक आहे. कॅल्शियम आणि फोलेट आईच्या आहारात उणे पडले, तरी दुधातील त्यांचे प्रमाण सहसा ढळत नाही. बाळाचा हक्क आधी पोचता होतो आणि तूट आईच्या शरीरातील शिलकेतून वसूल केली जाते. १९२८ साली मुंबईस आलेल्या डॉ. लुसी विल्स यांनी गरोदर स्त्रियांचा एक प्रकारचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे १९३१ मध्ये दाखवून दिले; त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फोलेट म्हणून ओळखले गेले. हे फोलेट आपल्याकडे पालेभाज्यांत आणि कडधान्यांत मुबलक आहे.

अ, ब-१ आणि ब-१२ यांची गोष्ट उलटी. ही जीवनसत्त्वे आईच्या ताटात नसली, तर तिच्या दुधातही कमी उतरतात आणि प्रत्यक्ष बाळच उपाशी राहते. ज्या माळकरी घरांत अंडे-मासळी वर्ज्य आहे, तेथे ब-१२ची सारी मदार दूध, दही आणि ताक यांवरच. आणि नेमके हेच ताक-दही ‘बाळाला सर्दी होईल’ म्हणून बाळंतिणीपुढून उचलले जाते. या पथ्याला शास्त्राचा आधार नाही, आणि त्याची किंमत बाळाच्या मेंदूला व मज्जातंतूंना मोजावी लागू शकते. अशा घरांनी ब-१२ची गोळी डॉक्टरांना अवश्य विचारावी. ‘ड’ जीवनसत्त्व तर आईच्या दुधात मुळातच अल्प असते; म्हणून बालरोगतज्ज्ञ बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० युनिटांचे थेंब देण्यास सांगतात.

मात्र माहेरचे हे ताट प्रत्येकीच्या नशिबी नसते. ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरातील कोप्यांत उतरणारी, तान्ह्याला फडाच्या बांधावर झोळीत निजवून मोळ्या वाहणारी स्त्री पहाटे भाकरी थापते आणि स्वतः मात्र सर्वांच्या मागून जेवते. तिला डिंकाचे लाडू कोण करून घालणार? २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत अंगणवाडीतून विनामूल्य आहार मिळण्याचा हक्क तिला दिलेला आहे, आणि लोह-फोलिक आम्लाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मिळतात. आपल्या गावाच्या शिवारात अशी एखादी माउली उतरली असेल, तर तिचे नाव अंगणवाडीच्या दप्तरी लागले आहे किंवा नाही, एवढी चौकशी वाचकांनी या हंगामात जातीने करावी.